वेग आणि निश्चय : जलद ब्लॉकचेनवरील हल्ल्यांची एक समीक्षा



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की हे तर संगणकवाल्यांचं काम, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांनी यात का पडावं? शंका रास्त आहे. आम्ही प्रोग्रॅम लिहीत नाही, आणि कोणतं नाणं घ्यावं, कोणतं विकावं हे तर आज मुळीच सांगणार नाही. पण ‘एखादी गोष्ट नक्की झाली असं केव्हा म्हणायचं?’ हा प्रश्न आमच्या विषयाचा आहे, आणि फार जुना आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत जलद ब्लॉकचेनवर जे शोधनिबंध आले, आणि त्या निबंधांतल्या योजनांवर जे हल्ले दाखवले गेले, ते सगळे याच प्रश्नाभोवती फिरतात. म्हणून आज त्या निबंधांकडे आपण टीकाकाराच्या नजरेनं पाहू.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. या योजना ‘वाट पाहणं कमी केलं’ असं सांगतात. आमच्या मते वाट पाहणं कमी होत नाही, ते जागा बदलतं. आणि ते जिथे जाऊन बसतं, नेमका तिथेच हल्ला होतो.

आता मुळापासून पाहू.

ब्लॉकचेन म्हणजे एक खातेवही, जिची प्रत हजारो लोकांकडे आहे आणि जिचा मुनीम कोणीच नाही. नवीन पान कोणीतरी जोडतं आणि बाकीच्यांना कळवतं. पान म्हणजे ब्लॉक. एकच पैसा दोन जणांना देऊन कोणी फसवू नये, यासाठी सगळ्यांच्या वहीत पानांचा क्रम एकच असावा लागतो. २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावानं बिटकॉइनचा जो निबंध आला, त्यातली युक्ती अशी : पान जोडायला भरपूर गणनशक्ती खर्चावी लागेल, सरासरी दहा मिनिटांनी एक पान जोडलं जाईल, आणि दोन फाटे फुटले तर ज्या फाट्यावर जास्त काम झालंय तो खरा मानायचा.

दहा मिनिटं का? पुष्कळ जण याला बिटकॉइनचा आळस समजतात. दुकानात चहाचे पैसे द्यायला दहा मिनिटं, आणि सेकंदाला साधारण सात व्यवहार. हसायला येण्यासारखंच आहे. पण ही दहा मिनिटं कशासाठी आहेत ते नीट समजून घ्या. गावात दवंडी पिटायची पद्धत होती. दवंडीवाला चावडीपासून निघाला, की शेवटच्या वाडीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. पहिली दवंडी शेवटच्या वाडीत पोचायच्या आत चावडीवरून दुसरी निघाली, तर अर्ध्या गावाला एक हुकूम माहीत, अर्ध्याला दुसरा. इंटरनेट कितीही जलद असलं तरी त्याला वाड्या-वस्त्या आहेतच.

हा अंदाज नाही, मोजलेलं आहे. २०१३ साली झुरिकच्या ख्रिश्चन डेकर आणि रॉजर वाटनहोफर यांनी बिटकॉइनच्या जाळ्यात नवीन ब्लॉक पसरायला किती वेळ लागतो ते मोजलं. निम्म्या संगणकांपर्यंत तो साडेसहा सेकंदांत पोचत होता, सरासरी वेळ १२.६ सेकंद होती, आणि चाळीस सेकंदांनंतरही शेकडा पाच संगणकांना बातमी नव्हती. आता साधा हिशेब करा. दहा मिनिटं म्हणजे सहाशे सेकंद. त्यातली बारा-तेरा सेकंदं ‘अजून सगळ्यांना ठाऊक नाही’ अशा अवस्थेत जातात, म्हणजे शेकडा दोन. त्याच अभ्यासात आपोआप फाटे फुटण्याचं प्रमाण दिसलं शेकडा १.६९. दोन्ही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत बघा. फाटा फुटतो तो लबाडीनंच फुटतो असं नाही. बातमी वाटेत असते म्हणूनही तो फुटतो.

नाकामोतोच्या निबंधाच्या शेवटी एक तक्ता आहे. हल्लेखोराकडे एकूण शक्तीचा दहावा हिस्सा असेल, तर तुमचा व्यवहार उलटवला जाण्याची शक्यता हजारात एकाहून कमी व्हायला पाच ब्लॉक थांबा. त्याच्याकडे शेकडा तीस असेल तर २४ ब्लॉक. शेकडा ४५ असेल तर ३४० ब्लॉक! तीनशे चाळीस गुणिले दहा मिनिटं म्हणजे दोन दिवसांहून जास्त. हा तक्ता आम्हांला त्या निबंधातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. तो ‘झालं’ असं म्हणतच नाही. तो म्हणतो, तुमचा शत्रू किती मोठा आहे ते सांगा, मग किती थांबायचं ते सांगतो. म्हणजे निश्चय हा व्यवहाराचा गुण नव्हे. व्यवहार, शत्रू आणि प्रतीक्षा या तिघांमधलं ते एक नातं आहे.

पण त्या तक्त्यात एक गृहीत दडलेलं आहे. प्रामाणिक माणसांचं सगळं काम एकाच साखळीत जमा होतं, असं तो धरून चालतो. दहा मिनिटांच्या अंतरात हे जवळजवळ खरं आहे. अंतर कमी केलं, की ते खोटं पडत जातं.

समजा शंभरातले सत्तर प्रामाणिक आणि तीस कपटी. ब्लॉक सेकंदाला एक निघू लागला. सत्तरांना एकमेकांची बातमी वेळेवर मिळत नाही, म्हणून ते वेगवेगळ्या फाट्यांवर काम करत बसतात. त्यांच्या सत्तर ब्लॉकांपैकी चाळीसहून अधिक वाया गेले तर मुख्य साखळीवर उरतात तिसाहून कमी. कपटी मात्र एकाच घरात बसलाय, त्याला स्वतःचीच बातमी मिळायला वेळ लागत नाही. त्याचे तीसच्या तीस कामी येतात. निम्म्याहून कमी शक्ती असूनही तो जिंकला. कसा? तो जास्त बळकट झाला म्हणून नव्हे. प्रामाणिकांना एकमेकांची गाठ पडेना म्हणून.

इथे पहिला महत्त्वाचा निबंध येतो. जेरुसलेमच्या योनातन सोम्पोलिन्स्की आणि अविव झोहर यांनी २०१३ च्या अखेरीस एक सुरेख कल्पना मांडली. तिचं नाव ‘घोस्ट’. ते म्हणाले, वाया गेलेले ब्लॉक वाया का धरायचे? प्रत्येक फाट्यापाशी उभं राहा आणि कुठली साखळी लांब आहे ते न बघता कुठल्या बाजूच्या झाडाला एकूण जास्त ब्लॉक लागलेत ते मोजा. फांद्या वेगळ्या असल्या तरी बुंधा एकच आहे ना? मग त्या सगळ्या फांद्या बुंध्याच्या बाजूनं साक्ष देतात. वडाचं वजन करायचं तर पारंब्याही धरा.

कल्पना खरोखर बुद्धिमान आहे, आणि नुसती तांत्रिक नाही. मतभेदातही सहमतीचा काही अंश असतो, तो फेकून देऊ नका, असं ती सांगते. वरच्या उदाहरणातले सत्तरच्या सत्तर ब्लॉक आता मोजले जातात, आणि चोरून लांब साखळी बांधणाऱ्या त्या तीसवाल्याचं काही चालत नाही. ब्लॉक कितीही जलद काढा, निम्म्याहून कमी शक्तीचा माणूस इतिहास कायमचा उलटवू शकत नाही, असं त्यांनी दाखवलं. शिवाय एक प्रमेय दिलं : कुठलाही फाटा कायम राहत नाही, केव्हातरी सगळे एका बाजूला येतातच.

आम्ही टीकाकार म्हणून बोट ठेवतो ते या ‘केव्हातरी’वर. व्यवहार करणाऱ्या माणसाला ‘केव्हातरी’ नको असतं, त्याला ‘केव्हा’ हवं असतं. ज्या योजनेचं सगळं आकर्षण ‘लवकर’ या शब्दात आहे, तिची हमी ‘केव्हातरी’ या शब्दात यावी, यात तर्कदोष नाही, पण एक फट आहे. हल्लेखोराला तुमचा इतिहास उलटवायची घाई नसेलही. निर्णय लांबवता आला तरी त्याचं काम होतं.

२०१६ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या क्रिस्तोफर नातोली आणि व्हिन्सेंट ग्रामोली यांनी हीच फट रुंद करून दाखवली. त्यांनी हल्ल्याला नाव दिलं ‘बॅलन्स अटॅक’. आपण तराजूचा हल्ला म्हणू. मायनरांचे साधारण सारख्या शक्तीचे दोन गट करा आणि त्यांच्यामधले संदेश काही काळ अडवून धरा. दोन्ही गट आपापलं झाड प्रामाणिकपणे वाढवत राहतात. दोन्ही पारडी जवळजवळ समान. अशा वेळी हल्लेखोराला प्रचंड शक्ती लागत नाही. एका पारड्यात चिमूटभर टाकली की पुरे. एका झाडावर त्यानं माल विकत घेतला, माल ताब्यात आला, मग दुसऱ्या झाडाच्या पारड्यात आपलं वजन टाकलं आणि अडवलेले संदेश सोडून दिले. पहिलं झाड कोसळलं, पैसे त्याच्याकडे परत. बँकांच्या ‘आर-थ्री’ या संघानं चाचणीसाठी जे खाजगी जाळं उभारलं होतं, त्याच्या आकड्यांवरून त्यांनी हिशेब केला : एकट्या संगणकाला वीस मिनिटं पुरतील.

या निबंधावरही आक्षेप घ्यायला जागा आहे, आणि तो घेतला पाहिजे. दोन गटांतले संदेश वीस मिनिटं अडवणं उघड्या इंटरनेटवर सोपं नाही. मोजक्याच संगणकांच्या संघात ते जास्त शक्य आहे, खुल्या जाळ्यात कमी. म्हणजे हा हल्ला उद्या सकाळी होणारच असं नाही. पण समीक्षेच्या दृष्टीनं त्याची किंमत वेगळीच आहे. घोस्टनं ज्याला बळ मानलं, म्हणजे मतभेदातूनही साक्ष गोळा करणं, तेच शस्त्र म्हणून वापरता येतं, हे त्यानं दाखवलं.

इथे आम्हांला आमचं न्यायशास्त्र आठवतं. गौतमांनी संशयाची जी कारणं सांगितली, त्यांत एक आहे विप्रतिपत्ती. म्हणजे एकाच गोष्टीबद्दल दोन परस्परविरुद्ध विधानं समोर येणं. एक म्हणतो आत्मा आहे, दुसरा म्हणतो नाही, आणि ऐकणाऱ्यापाशी निवडायला आधार नाही. ब्लॉकचेनमधला फाटा म्हणजे नेमकी विप्रतिपत्ती. आणि न्यायात निर्णय म्हणजे काय? दोन्ही पक्ष समोर ठेवून, तोलून, मग एकाचं निश्चित ग्रहण. तोलणं हे निर्णयाच्या पोटातच आहे, आणि तोलायला वेळ लागतो. न्यायाची सगळी रचना असं धरून चालते, की संशय आपोआप येतो आणि परीक्षेनं जातो. तराजूच्या हल्ल्यात नवीन काय आहे? संशय तयार करून पुरवला जातो, आणि जितक्यास तितका पुरवला जातो, म्हणजे तो जाऊच नये. खोटं बोलून फसवणं जुनं झालं. इथे दोघांनाही खरंच सांगून, फक्त वेगवेगळ्या वेळी सांगून फसवता येतं.

पुढचा अध्याय इथेरियमचा. इथेरियमनं गणनशक्तीऐवजी अनामत ठेवलेल्या पैशावर चालणारी पद्धत आखली. तीत पान तपासणाऱ्याला व्हॅलिडेटर म्हणतात. आपण साक्षीदार म्हणू. दर बारा सेकंदांनी एक ब्लॉक, आणि त्यावर साक्षीदारांची मतं. फाटा फुटला तर कुठे जायचं, यासाठी घोस्टचीच एक आवृत्ती घेतली : प्रत्येक साक्षीदाराचं सगळ्यांत ताजं मत मोजायचं. आणि कायमच्या शिक्कामोर्तबासाठी वेगळी यंत्रणा, जिला साधारण तेरा मिनिटं लागतात. हे तेरा मिनिटांचं ध्यानात ठेवा. बारा सेकंदांत ‘दिसलं’ आणि तेरा मिनिटांत ‘ठरलं’, अशी ही दोन मजली व्यवस्था आहे.

२०२० मध्ये स्टॅनफर्डच्या योआखिम नॉय, एर्तेम नुसरेत तास आणि डेव्हिड त्से यांनी दाखवलं, की इथेही पारडी तोलून धरता येतात. पान मांडायची पाळी हल्लेखोराची आली की तो दोन परस्परविरोधी पानं काढतो, निम्म्या साक्षीदारांना एक आधी दिसेल आणि निम्म्यांना दुसरं, अशा बेतानं. मग आपल्या हातातली थोडी मतं राखून ठेवतो आणि एखादं पारडं झुकू लागलं, की नेमक्या क्षणी दुसऱ्यात टाकतो. प्रामाणिक साक्षीदार नियम अक्षरशः पाळतात आणि नियम पाळल्यामुळेच दोन तट कायम राहतात. वरच्या मजल्यावर शिक्कामोर्तब व्हायला दोन-तृतीयांश मतं लागतात, ती कधी जमतच नाहीत. पैसा चोरीला जात नाही, पण काहीच ठरत नाही.

यावर उपाय निघाला. ज्या ब्लॉकची पाळी आहे तो वेळेवर, म्हणजे पहिल्या चार सेकंदांत पोचला, तर त्याच्या पारड्यात तात्पुरतं जादा वजन टाकायचं. म्हणजे समसमान वाद असेल तर वक्तशीराचं ऐकायचं. उपाय चांगला आहे. पण त्यानं केलं काय, ते पाहा. ‘वजन जास्त कुणाचं’ या प्रश्नाच्या जागी ‘वेळेवर कोण आलं’ हा प्रश्न आणला. आणि वेळेवर कोण आलं याचं उत्तर प्रत्येक वाडीत वेगळं असू शकतं.

२५ मे २०२२ रोजी ते प्रत्यक्ष घडलं. इथेरियमच्या त्या नव्या साखळीवर सात ब्लॉक उलटले. हल्ला कोणी केला नव्हता. काही साक्षीदारांच्या सॉफ्टवेअरमध्ये हा नवा नियम आलेला होता, काहींच्यात अजून यायचा होता, आणि एक ब्लॉक उशिरा पोचला. दोन नियमांनी तोलणारे दोन गट झाले. त्या साखळीवर तेव्हा लोकांचे नेहमीचे व्यवहार चालत नव्हते, ते १५ सप्टेंबर २०२२ पासून आले. त्यामुळे कुणाचं नुकसान झालं नाही. पण हल्ला टाळण्यासाठी आणलेल्या औषधानंच, ते सगळ्यांना एकाच वेळी न मिळाल्यामुळे, फाटा लांबवला. दवंडीचा प्रश्न पुन्हा दवंडीपाशीच आला. याच वर्षी त्याच संशोधकांनी या उपायावरही नवा आक्षेप काढला आणि नियम पुन्हा सुधारावे लागले.

आतापर्यंतचा मार्ग होता मतभेद मोजण्याचा. वेगाचा दुसरा मार्ग जास्त सोपा आहे आणि म्हणूनच जास्त लोकप्रिय : साक्षीदारच कमी करा. दवंडी दहा वाड्यांत पिटण्याऐवजी चावडीवरच्या नऊ पंचांना विचारा. लगेच निकाल.

‘रोनिन’ ही साखळी अशीच होती. व्हिएतनाममधल्या स्काय मेव्हिस या कंपनीचा ‘ॲक्सी इन्फिनिटी’ नावाचा खेळ होता. महासाथीच्या काळात फिलिपिन्समधले कितीतरी लोक तो खेळून घरखर्चाला हातभार लावत होते. इथेरियमवर प्रत्येक चालीला वेळ आणि भरमसाट शुल्क लागायचं, म्हणून कंपनीनं २०२१ मध्ये स्वतःची जलद साखळी काढली. तिचे साक्षीदार नऊ. इथेरियमवरचा पैसा रोनिनवर नेणारा जो पूल होता, त्यातून पैसे काढायला नवांपैकी पाच सह्या पुरत.

नवांपैकी चार किल्ल्या कंपनीच्याच हाती होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये खेळाडूंची गर्दी इतकी वाढली, की ती निभावण्यासाठी खेळाच्या सामुदायिक मंडळानं आपल्या वतीनं सही करायची परवानगी कंपनीला दिली. डिसेंबरमध्ये ही सोय बंद झाली. पण परवानगी यादीतून काढायची राहून गेली. चार आणि एक पाच. २३ मार्च २०२२ रोजी हल्लेखोरांनी त्या पाच सह्या मिळवल्या आणि दोन व्यवहारांत १,७३,६०० इथर आणि अडीच कोटी डॉलरहून जास्त किमतीची स्थिर नाणी उचलली. एकूण किंमत साठ कोटी डॉलरांच्या वर. अमेरिकेच्या एफबीआयनं पुढे यामागे उत्तर कोरियाचा लाझारस गट असल्याचं जाहीर केलं.

चोरी मोठीच आहे, पण आम्हांला जास्त बोलकी वाटते ती एक तारीख. चोरी उघडकीला आली २९ मार्चला. सहा दिवस! आणि तीही कशी? कुणा वापरकर्त्याला पाच हजार इथर काढायचे होते, ते निघेनात, त्यानं तक्रार केली, तेव्हा. व्यवहार क्षणात व्हावा म्हणून बांधलेल्या साखळीला स्वतःची तिजोरी रिकामी झाल्याचं कळायला सहा दिवस लागले. कारण उघड आहे. हजारो साक्षीदार थांबतात, तपासतात, वाद घालतात, तेव्हा ते नुसता वेळ खात नसतात. ते पाहत असतात. साक्षीदार कमी केले तेव्हा पाहणारे डोळेच कमी केले. पुढे कंपनीनं काय केलं? सह्यांची अट पाचावरून आठावर नेली आणि साक्षीदार वाढवायचं ठरवलं. म्हणजे काढून टाकलेली वाट पाहण्याची सक्ती पुन्हा आत आणली. कंपनीनं नवं भांडवल उभारून लोकांची भरपाईही केली, हे तिच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. पूल पुन्हा सुरू झाला जूनच्या अखेरीस. तोपर्यंत ज्यांचे पैसे पलीकडे अडकले होते, त्यांनी तीन महिने वाट पाहिली.

तिसरं उदाहरण फक्त उल्लेखापुरतं. ‘सोलाना’ ही साखळी वेगासाठीच नावाजलेली. १४ सप्टेंबर २०२१ रोजी एका नव्या नाण्याच्या विक्रीसाठी यंत्रमानवी खात्यांनी इतके व्यवहार एकदम पाठवले, की साखळी थांबली. सुमारे सतरा तास. मग ती चालवणाऱ्यांनी आपसात बोलून, कुठून सुरू करायचं ते ठरवून, पुन्हा चालू केली. सेकंदासेकंदाची वाचवलेली वाट एकरकमी भरावी लागली.

आता तिन्ही उदाहरणं शेजारी ठेवा. घोस्टच्या वाटेवर वाट पाहणं फाट्यांच्या वादात गेलं, आणि हल्ला तिथे दाखवला गेला. रोनिनमध्ये ते पाच किल्ल्यांवरच्या विश्वासात गेलं, आणि चोरी तिथे झाली. सोलानात ते पुढच्या गर्दीवर ढकललं गेलं, आणि गर्दी आलीच.

म्हणून आमचा या साहित्यावरचा मुख्य आक्षेप त्याच्या गणितावर नाही. गणित उत्तम आहे. उलट, एकानं योजना मांडायची, दुसऱ्यानं तिच्यावर हल्ला दाखवायचा, पहिल्यानं ती सुधारायची, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची परंपरा इथे जितकी जिवंत आहे तितकी आमच्या विद्यापीठांतल्या चर्चासत्रांत क्वचित दिसते. आक्षेप आहे तो निबंधातून बाजारात जाताना जे गळतं त्यावर. निबंधात असतं : ‘संदेश इतक्या वेळात पोचले, आणि लबाड इतक्यांहून कमी असले, तर.’ जाहिरातीत उरतं : ‘सेकंदाला इतके हजार व्यवहार.’ तो ‘तर’ गळाला की प्रमेयाचं आश्वासन होतं. आणि त्या आश्वासनावर पैसे ठेवणारा माणूस निबंध वाचत नाही.

घाटात एक पाटी असते, ‘अति घाई संकटात नेई’. काही जण सगळी टीका तेवढ्यावर संपवतात. आम्ही तसं म्हणत नाही. वेग हवाच. एरवी लहान रकमेचा व्यवहार सामान्य माणसाला परवडणारच नाही. आमची मागणी एवढीच, की कुणी वेगाचा आकडा सांगितला तर त्याच दमात आणखी तीन गोष्टी सांगायला लावा. साक्षीदार किती आणि ते कुणाच्या हातात? बातमी किती उशिरा पोचली तरी व्यवस्था टिकते? आणि लागलेला निकाल उलटला तर भरून कोण देणार? या तिघांविना वेगाचा आकडा म्हणजे नुसती गाडीची गती. ब्रेक आहे की नाही हे त्यात येत नाही.

व्याख्यान इथे थांबवतो. दोन प्रश्न आलेत, ते घेऊ.

प्रश्न : सर, आपण रोज यूपीआयनं पैसे देतो. तिथे दोन सेकंदांत काम होतं. मग वाट पाहणं अटळ कसं?

उत्तर : फार चांगला प्रश्न. यूपीआय २०१६ साली आलं, ते भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ, म्हणजे एनपीसीआय चालवतं आणि वर रिझर्व्ह बँक आहे. तिथे मुनीम आहे. बँका एकमेकींशी हिशेब मागाहून, ठरलेल्या वेळी मिटवतात. तुमचं ‘पेमेंट सक्सेसफुल’ दोन सेकंदांत येतं, पण बँकांमधला पैसा नंतर फिरतो. म्हणजे वाट पाहणं तिथेही आहे; ते तुमच्या डोक्यावरून उचलून संस्थांनी स्वतःकडे घेतलंय. आणि चूक झाली तर तक्रार करायला जागा आहे. ती मिळायला त्रास होतो हे मान्य, पण जागा आहे. ब्लॉकचेनची मूळ प्रतिज्ञाच मुळी ‘मध्ये कोणी नको’ अशी. मध्ये कोणी नको आणि क्षणात हवं, या दोन मागण्या एकत्र केल्या, की आज आपण जे पाहिलं ते सुरू होतं. तुम्हांला मुनीम चालत असेल तर यूपीआयसारखी व्यवस्था उत्तम आहे. मुनीम नको असेल तर थांबायची तयारी ठेवा. आम्हांला राग येतो तो फक्त मुनीम ठेवून ‘आमच्याकडे मुनीम नाही’ असं सांगणाऱ्यांचा.

प्रश्न : मग कुठलीच जलद साखळी सुरक्षित होणार नाही, असं आपलं मत आहे का?

उत्तर : नाही, तसं मत नाही. घोस्टवर हल्ले दाखवले गेले म्हणून ती कल्पना मेली नाही. सुधारत सुधारत ती आज इथेरियममध्ये काम करते आहे. प्रत्येक हल्ल्यानं एक गृहीत उघडं पाडलं, आणि उघडं पडलेलं गृहीत सांभाळता येतं. तुम्ही त्यातले वापरणारे असाल तर एक करा. पडद्यावर ‘कन्फर्म्ड’ असा शब्द दिसला, की तो कुणी म्हटला ते विचारा. एका संगणकानं म्हटला असेल तर ते ‘आम्हांला दिसलं’ इतकंच असतं. शिक्कामोर्तब झालेलं असेल तर ती वेगळी गोष्ट. लहान रक्कम असेल तर दिसलं एवढ्यावर चालवा, आपण भाजी घेताना नोट उजेडात धरून बघत नाही. घराचे पैसे असतील तर ती तेरा मिनिटं थांबा.